फर्गसचा मापक आणि शुक्रवारचे चीज रोल

फर्गस टलक चहाला उठला तेव्हा त्याने संगणकाचा पडदा बंद करायची कळ दाबली होती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे रामायण झालं त्यात सगळ्यांनी त्याच्यावर एकच ठपका ठेवला, की गडी पडदा उघडा टाकून गेला. तसं नव्हतं. कळ दाबली होती आणि संगणकाला ती पोचलीही होती. फक्त अंमलात आणायला त्याने जरा वेळ घेतला.

डनेडिन शहरातल्या त्या ऑफिसात पडदा उघडा टाकून उठणं हा एकमेव गुन्हा होता. उशिरा येणं चालायचं, उन्हाळ्यात अनवाणी येणंही चालायचं. पण उघडा संगणक दिसला की जवळचा माणूस निमूटपणे तिथे बसायचा आणि उठून गेलेल्याच्या नावाने सगळ्या ऑफिसला मेल टाकायचा, ‘शुक्रवारी सकाळच्या चहाला चीज रोल माझ्याकडून.’ यावर अपील नाही. गुरुवारी घरी बसून पावाच्या कापांना चीजचं सारण फासायचं, गुंडाळ्या करायच्या आणि शुक्रवारी आणून गरमागरम वाढायच्या. सहा वर्षांत फर्गस एकदाही सापडला नव्हता, आणि हे तो दर शुक्रवारी दुसऱ्याचे चीज रोल खाताना आवर्जून सांगायचा. शेजारच्या टेबलावरचा टामाती मात्र चारदा सापडला होता. चारही वेळा पकडणारा फर्गसच.

आता त्या दिवशी कळ दाबूनही पडदा बंद का झाला नाही, तर त्याला कारण फर्गसचंच संशोधन. हे ऑफिस दक्षिणेतल्या एका दूध संघासाठी गोठ्यांमधले संगणक सांभाळायचं. कुठल्या गाईने किती दूध दिलं, कुठली आजारी, कुठली आटली, हे सगळं त्या संगणकांवर. संगणक जुने, मेमरी तुटपुंजी, आणि अंगावर शेणाचे शिंतोडे. दूधवाल्यांची तक्रार कायमची एकच होती, “अडकलाय.”

ऑफिसची प्रमुख ग्वेन कर्कनेस हिला ही तक्रार मुळीच पटायची नाही. तीन वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या हाताने एक व्यस्ततादर्शक लिहिला होता आणि गोठ्यागोठ्यांत बसवला होता. कुठला संगणक किती कामात आहे हे तो दिवसभर कळवायचा, आणि त्याचे आकडे व्हरांड्यातल्या मोठ्या फलकावर हिरवेगार झळकायचे. “सत्त्याण्णव टक्के व्यस्त,” ग्वेन फलकाकडे बोट दाखवून म्हणायची, “आणि हे म्हणे अडकलाय. इतकं काम करणारा संगणक अडकेल कसा?”

फर्गसचं म्हणणं वेगळं होतं. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. ओटा वीतभर असला की पोळपाट मांडायला विळी उचलावी लागते, विळी मांडायला पोळपाट. बाई घामाघूम होते, क्षणाची उसंत नसते, आणि जेवायच्या वेळी बघावं तर पोळी एकच. संगणकाचंही तेच. मेमरी कमी पडली की तो एकाचं सामान आत टाकतो, दुसऱ्याचं काढतो, पुन्हा पहिल्याचं काढतो. व्यस्त म्हणाल तर शंभर टक्के, आणि काम जागच्या जागी.

म्हणून आठ महिने खपून त्याने एक मापक तयार केला होता. कुठला प्रोग्राम खरोखर किती पुढे गेला ते हिरव्या पट्टीत, आणि नुसता मेमरीची वाट बघत किती ताटकळला ते लाल पट्टीत. शुक्रवारी दहा वाजता दूध संघाच्या स्ट्रँगबाई तो बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडला तर मापक सगळ्या गोठ्यांत जाणार आणि फर्गसच्या हाताखाली माणसं येणार. नाही पडला तर काय, ते ग्वेनने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

“तर मग तू मदतीच्या फोनवर बस.”

फोनवर बसणं म्हणजे दिवसभर ‘अडकलाय’ ऐकायचं आणि ‘बंद करून चालू करा’ सांगायचं. फर्गसने उमेदवारीची दोन वर्षं त्या फोनवर काढली होती. अजूनही कुठे तशी घंटी वाजली की त्याच्या तोंडून आपसूक ‘बंद करून चालू करा’ निघायचं.

गोठ्याचा अनुभव टेबलावर यावा म्हणून त्याने स्वतःच्या संगणकातली निम्म्याहून अधिक मेमरी उपटून काढली होती आणि वर मापक चालू ठेवला होता. अशा संगणकाला त्या बुधवारी त्याने पडदा बंद करायला सांगितलं, आणि तो चहाला गेला.

टामाती खुर्ची सरकवून आला. सहा वर्षांचा उपवास सुटल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. मेल उघडली, मजकूर लिहिला, ‘शुक्रवारी दहा वाजता चीज रोल माझ्याकडून, सगळ्यांनी या. – फर्गस.’ पत्त्याच्या जागी ‘सगळे’ लिहिलं. पडदा ढिम्म. खाली जायची कळ दोनचारदा दाबली. पडदा ढिम्म. मग त्याने ‘पाठवा’ दाबलं. पुन्हा दाबलं. फर्गसच्या चपलांचा आवाज जवळ येऊ लागला तसं भराभर दाबत सुटला. आणि नेमका तेव्हाच संगणकाला मघाच्या हुकमाची आठवण झाली आणि पडदा बंद झाला.

“काय रे, माझ्या खुर्चीत?” फर्गस कप घेऊन उभा.

“गेलं सगळं मुसळ केरात,” टामाती उठत म्हणाला. “सापडला होतास भावा. मेल लिहिली होती. पण तुझं हे डबडं हलेल तर शपथ.”

फर्गसने पडदा उघडला आणि मापकावर नजर टाकली. मेलची हिरवी पट्टी औषधालाही नव्हती. नुसती लाल.

“बघ,” तो खूश होऊन म्हणाला, “मेलची प्रगती शून्य. माझा मापक सांगतोय, ती कुठेही गेलेली नाही.”

“पण पुढे गेली तर?”

“जाईल कशी? शून्य म्हणजे शून्य. आठ महिने घातलेत मी यात.”

मापकाचं म्हणणं खरंच होतं. मेल कुठेही गेली नव्हती. पण न गेलेली मेल आणि मेलेली मेल यात फरक असतो, आणि तो दाखवणारी पट्टी काही फर्गसने केली नव्हती. ग्वेनने बैठकीला बोलावलं तसा त्याने मापक बंद केला. मापक बंद होताच संगणकाने मोकळा श्वास घेतला आणि अडून बसलेली कामं एका दमात उरकली. टामातीने जितक्या वेळा ‘पाठवा’ दाबलं होतं तितक्या वेळा मेल गेली. आणि त्याने खाली जायची कळ दाबली होती ना, तीही आता लागू पडली. पत्त्यांच्या यादीत ‘सगळे, ऑफिस’ याच्याखाली ‘सगळे, गोठे’ होतं, आणि मेल तिकडे गेली.

बैठकीतून बाहेर येईपर्यंत उत्तरांची रीघ लागली होती. बालक्लुथाहून, मिल्टनहून, विंटनहून. ‘आम्ही चौघं येतो.’ ‘बायकोला कांदा चालत नाही, बिनकांद्याचे असतील का?’ ‘तुमची मेल डझनभर वेळा आली, इतका आग्रह म्हटल्यावर यायलाच हवं.’ शुक्रवारी दहाची वेळही अशी सोयीची, की सकाळची धार आटोपलेली आणि संध्याकाळची लांब. सबंध आठवड्यात दूधवाला माणूस मोकळा सापडायचा तर तेव्हाच.

फर्गस सरळ ग्वेनच्या खोलीत गेला. “चुकून गेलीय. मी रद्द करून टाकतो.”

“खबरदार,” ग्वेन म्हणाली. “स्ट्रँगबाईंचं उत्तर वाच. म्हणतात, कल्पना फार आवडली, मापक दूधवाल्यांसमोरच दाखवा, म्हणजे त्यांनाही विचारता येईल. आता रद्द केलंस तर त्यांना काय वाटेल?”

“अगं, पण एवढ्या लोकांना चीज रोल कोण करणार?”

“पडदा कोणी उघडा टाकला होता?”

“मी कळ दाबली होती.”

“सगळे असंच म्हणतात,” ग्वेन म्हणाली. चार वेळा टामातीही हेच म्हणाला होता, हे फर्गसला तेव्हा आठवलं.

गुरुवारी दुपारी सुटी घेऊन फर्गस मॉसगीलला आईकडे गेला. टामातीही बरोबर होता, कारण मनातून त्याला जरा लाज वाटत होती. फर्गसची आई एल्सपेथ म्हणजे चीज रोलच्या बाबतीत अधिकारी व्यक्ती. शाळेची बस, रग्बी संघाचे शर्ट, सभागृहाचं छप्पर, गावात काहीही हवं असलं की ती चीज रोल विकून उभं करायची. पण तिचं स्वयंपाकघर इवलंसं आणि ओटा त्याहून. तिने एका बाजूला पाव मांडला, दुसऱ्या बाजूला आटवलेलं दूध, चीज आणि कांद्याच्या सुपाची पूड घालून शिजवलेल्या सारणाचं पातेलं. मधे जेमतेम दोन काप मावतील एवढी जागा उरली, आणि तिथे फर्गसने आपला लॅपटॉप ठेवला.

“हे काय?” आईने विचारलं.

“किती झाले, किती उरले, संध्याकाळपर्यंत होतील की नाही, ते कळायला नको?”

“झाले की झालेले दिसतीलच की.”

“असं अंदाजपंचे नाही चालत, आई. किती झाले आत्तापर्यंत?”

आईने हातातला काप खाली ठेवला, हात पुसले, ट्रेमधले रोल मोजले, आकडा सांगितला, आणि मघाशी कुठल्या कापाला सारण लावायचं राहिलं होतं ते शोधू लागली. सापडला तेवढ्यात फर्गसने पुन्हा विचारलं. आईने पुन्हा हात पुसले. असं पाचसहा वेळा झालं. मग टामातीला पावाची पिशवी ठेवायला जागा मिळेना, म्हणून त्याने ती खुर्चीवर ठेवली, आणि आई तिच्यावर बसली.

“फर्गस,” आई उठत म्हणाली, “हे उचल इथून.”

“अगं, पण वेग कळला पाहिजे.”

“तुझा वेग मांडायला माझ्या ओट्यावर जागा नाही, पोरा. तो घे आणि बाहेर जाऊन बस. आणि पुन्हा मला काही विचारलंस तर तुझ्याच हातात पातेलं देईन.”

फर्गस लॅपटॉप घेऊन मागच्या पायरीवर बसला आणि खिडकीतून बघू लागला. आत जादू झाल्यासारखं झालं. आई सारण फासत होती, टामाती गुंडाळ्या करत होता, आणि ट्रे एकामागून एक भरत होते. अंधार पडायच्या आत सगळं उरकलं.

“बघितलंस?” निघताना फर्गस टामातीला म्हणाला. “सुरुवातीला नीट मोजमाप केलं, म्हणून पुढे असा वेग आला.”

टामातीने त्याच्याकडे बघितलं, ओट्यावर लॅपटॉप होता तिथल्या मोकळ्या जागेकडे बघितलं, आणि भरलेला ट्रे उचलला. दोन्ही हात अडकलेले असताना वाद घालायची त्याला सवय नव्हती.

शुक्रवारी दहाच्या आधीच ऑफिसच्या दारात गमबुटांचा ढीग लागला. पायमोज्यांवर वावरणारे दूधवाले ऑफिसभर पसरले. लोण्यात परतलेल्या चीज रोलचा वास सुटला होता आणि गेली काही वर्षं फोनवरून भांडलेले लोक एकमेकांना कागदी रुमाल देत होते. विंटनचा आयव्हर बेग तर काखोटीला आपला संगणकच मारून आला होता.

“सारखा अडकतो,” तो फर्गसला म्हणाला. “म्हटलं सगळे एका जागी भेटताहेत, तर दाखवून घेऊ. फुकटात.”

“आत्ता नको, बेग. आधी प्रयोग होऊ दे.”

“होऊ दे की. मी इथे बाजूला मांडतो. दोघंही एकाच वयाचे आहेत, बसतील गप्पा मारत.”

स्ट्रँगबाई पुढच्या खुर्चीत बसल्या. उंच, मोजकं बोलणाऱ्या बाई. संघाच्या बैठका त्या उभ्यानेच संपवतात असा त्यांचा लौकिक होता. फर्गसने गोठ्यातला संगणक सुरू केला, महिन्याच्या दुधाची बेरीज करायला सांगितली आणि मापक चालू केला. पडद्यावर लालभडक पट्टी सरसरत वाढली. हिरवी कोपऱ्यात अंग चोरून बसली.

“हे बघा,” फर्गस पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला, “फलकावर हा संगणक सत्त्याण्णव टक्के व्यस्त आहे. पण मापक सांगतो, बेरीज अजून जागची हललेली नाही. सगळा वेळ नुसता मेमरीची वाट बघण्यात जातोय.”

दूधवाल्यांत कुजबुज झाली. “हेच तर आम्ही तीन वर्षं सांगतोय,” मिल्टनचा एक जण म्हणाला. फर्गसला आतून भरून आलं. आठ महिन्यांत त्याचं म्हणणं प्रथमच कोणाला तरी पटत होतं. हाताखाली येणारी माणसं आता त्याला डोळ्यांसमोर दिसू लागली.

“माझी झाली,” बाजूने आवाज आला.

सगळे वळले. बेगने रिकामा वेळ बघून आपल्याही संगणकाला तीच बेरीज करायला लावली होती. रखडत, धापा टाकत का होईना, ती पुरी झाली होती.

“तुझ्यात मेमरी जास्त असेल,” फर्गस म्हणाला.

“तुम्हीच बसवलीय. सगळ्यांना सारखीच.” बेगने चीज रोलचा घास घेतला. “फक्त माझ्यात ते तुझं मापायचं नाहीये.”

स्ट्रँगबाई पुढे झुकल्या. “मेमरी कोणी किती अडवलीय, ते दाखवतो का हा?”

दाखवत होता. तेवढा तो इमानदार होता. फर्गसने बोटाने कळ दाबली आणि पट्ट्या उतरत्या क्रमाने मांडल्या गेल्या. सगळ्यांत लांब पट्टी कोणाची, ते वाचायला चष्मा लागत नव्हता. मापक. त्याखाली दुसरी, थोडीच कमी. आणि तिसरी, या दोघांच्या खालून कशीबशी डोकावणारी बिचारी दुधाची बेरीज.

आठ महिने तो जो चोर शोधत होता तो स्वतःच मुद्देमालावर बसून पंचनामा लिहीत होता. काल आईने ओट्यावरून काय उचलायला सांगितलं, ते त्याला आता कळलं.

“पहिला समजला,” स्ट्रँगबाई म्हणाल्या. “दुसरा कोण?”

फर्गसने नाव वाचलं आणि तो कळफलक पुसू लागला. टामातीने वाचलं आणि छताकडे बघू लागला. दुसरा होता ग्वेनचा व्यस्ततादर्शक. तो बेगच्या संगणकातही होता आणि इथे जमलेल्या एकूण एक गोठ्यांत तीन वर्षं होता. स्ट्रँगबाईंनी ग्वेनकडे पाहिलं. ग्वेनने तत्परतेने एक अख्खा चीज रोल तोंडात घातला. गरम होता, त्यामुळे तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बराच वेळ बोलायची सोय राहिली नाही.

“दोन्ही काढा,” स्ट्रँगबाई म्हणाल्या.

फर्गसने आधी स्वतःचा काढला. मग ग्वेनचा. दुधाची बेरीज स्ट्रँगबाईंनी बोटं पुसायच्या आत झाली. बेगने आपलाही संगणक पुढे सरकवला. “माझंही काढ,” तो म्हणाला, “आलोच आहे तर.”

जाताना स्ट्रँगबाईंनी फर्गसचा हात हातात घेतला. “तुमचा मापक खरं बोलतो,” त्या म्हणाल्या. “आम्हाला तो अजिबात नको. पण फार उपयोग झाला.” याला शाबासकी म्हणायचं की काय, हे फर्गसला घरी जाईपर्यंत ठरवता आलं नाही.

सोमवारी फर्गस मदतीच्या फोनवर होता. ग्वेनने ‘तात्पुरतं’ असा शब्द वापरला होता, पण खुर्ची मात्र त्याच्या उंचीला लावून ठेवली होती. फोन वाजला नाही. मंगळवारीही नाही. दूधवाल्यांचे संगणक कुठे अडकतच नव्हते, तर ते फोन कशाला करतील? आपण जिंकलो आणि तेवढ्यासाठीच इथे बसलो, असं काहीतरी फर्गसच्या मनात येत होतं, आणि त्याला हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

बुधवारी फोन वाजला. फर्गसने तो उचलला. “अडकलाय?” त्याने विचारलं.

“छे रे, पळतोय,” बेग म्हणाला. “ते सारण होतं ना, त्यात सूप कुठल्या कांद्याचं? बायको विचारतेय.”

बेगने कृती विंटनभर सांगितली असावी. दुपारपर्यंत फोन खणखणू लागला. दूध आटवलेलंच हवं का, पाव ताजा की शिळा, गुंडाळी उलगडते तर काय करायचं. फर्गसला यातलं काही येत नव्हतं, म्हणून तो प्रत्येक वेळी आईला फोन लावून विचारायचा. “तू सारखं विचारतोस, माझी कामं अडतात,” आई म्हणायची, आणि तरी सांगायची.

पुढच्या सोमवारी ग्वेन त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. व्हरांड्यातला फलक रिकामा पडल्यापासून तिला करमत नव्हतं, म्हणून तिने आता त्यावर फोन मोजायला घेतले होते.

“किती फोन येताहेत, बघितलंस?” तिने फलकाकडे बोट दाखवलं. आकडे पुन्हा हिरवेगार झाले होते. “मदतकक्ष अठ्ठ्याण्णव टक्के व्यस्त. इतकं कधीच नव्हतं. तुला एकट्याला झेपायचं नाही. हाताखाली दोन माणसं देते.”

फर्गसने खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. आठ महिने तो याच ग्वेनला हेच पटवत होता, की व्यस्त असणं वेगळं आणि पुढे जाणं वेगळं. सगळी वाक्यं तोंडपाठ होती. मग त्याच्या कानात ‘हाताखाली दोन माणसं’ हे शब्द पुन्हा घुमले.

“टामाती चालेल,” तो म्हणाला.

टामाती दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढत आला आणि शेजारी बसला. “काम काय करायचं, भावा?”

“फोन उचलायचा.”

“आणि?”

“माझ्या आईला विचारून सांगायचं.”

टामातीने फलकाकडे पाहिलं. “अठ्ठ्याण्णव टक्के व्यस्त म्हणे. आणि पुढे किती गेलो आपण?”

फर्गस काही बोलणार होता, पण तेवढ्यात फोन वाजला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसराही.